लोखंड वाचवा, रबर बदला: गाडीचे जुने ब्रेक घरी साफ करून पुन्हा वापरण्याजोगे कसे करावेत

विदर्भातल्या खेड्यात चारचाकी म्हणजे बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षं चाललेली ऑल्टो, ओम्नी, बोलेरो, नाहीतर नागपूर-अमरावतीहून दुसऱ्या हाताने आलेली वॅगन आर. ती डांबरी रस्त्यावर जितकी चालते, तितकीच पांदण रस्त्यानं वावरात जाते. आपली काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की फोडून काढावी लागते. ती ब्रेकच्या मागच्या पत्र्यात आणि कॅलिपरच्या (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर पॅड म्हणजे घासपट्ट्या दाबणाऱ्या भागाच्या) खाचांत बसते, आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवते. वणी-चंद्रपूरकडे तिच्यात कोळशाची भुकटी मिसळते, भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीतला चिखल. पोळा येईपर्यंत कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना जाम झालेल्या असतात, गाडी ब्रेक दाबला की एका बाजूला ओढते, आणि मिस्त्री म्हणतो, "भाऊ, कॅलिपरच बदला."

दर वेळी बदलायची गरज नसते. ब्रेकचं ओतीव लोखंड फार टिकाऊ असतं. आधी खराब होतं ते रबर, आणि रबर ज्या पृष्ठभागावर घासतं तो पृष्ठभाग. म्हणून या कामाचा एकच नियम मी मानतो: लोखंड तपासून वाचवायचं, रबर मात्र दर वेळी नवीन टाकायचं. जुनं सील (ऑइल अडवणारी रबरी कडी) कितीही चांगलं दिसलं तरी परत बसवायचं नाही. सील किटची किंमत नव्या कॅलिपरच्या मानानं फारच थोडी असते, आणि त्या किटवरच घरच्या माणसांचा जीव अवलंबून असतो.

दुसरी गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. साफसफाई ही भाग चकचकीत दिसावा म्हणून करायची नसते. घाणीखाली काय लपलंय ते दिसावं म्हणून करायची असते. साफ केलेला प्रत्येक भाग वापरायचाच असंही नाही. साफ केल्यावर टाकून द्यावा लागलेला भाग म्हणजे मेहनत वाया गेली असं कृपा करून समजू नका. तो भाग रस्त्यावर दगा देणार होता, तो अंगणातच सापडला.

काय घरी करायचं आणि काय नाही

नवख्या माणसानं घरी करावं असं बरंच आहे: कॅलिपर खोलून साफ करणं, त्याचं सील बदलणं, पिना मोकळ्या करणं, डिस्क आणि ड्रम (मागच्या चाकाचं फिरणारं गोल भांडं) तपासणं, त्यातले लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) काढून साफ करणं. मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारा भाग) खोलू नका. एबीएसच्या (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटला हात लावू नका. २०१९ नंतरच्या बहुतेक गाड्यांत एबीएस असतंच. त्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लागतो आणि तो गावात मिळत नाही. आणि पहिल्या खेपेला हे काम एकट्यानं करू नका. ज्यानं ब्रेक आधी खोलले आहेत असा कोणीतरी बाजूला बसवा. त्यानं नुसतं पाहिलं तरी पुरे.

इथं एक फरक नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. पुढच्या कॅलिपरमध्ये चौकोनी काटछेदाचं रबरी सील सिलिंडरच्या आतल्या खाचेत स्थिर बसलेलं असतं आणि पिस्टन त्याच्यातून पुढं-मागं सरकतो. म्हणजे तेल अडवण्याचं काम पिस्टनच्या गुळगुळीत पृष्ठभागावर होतं. सिलिंडरच्या भिंतीवर थोडे डाग असले तरी चालून जातं, पण पिस्टनचा जो भाग सीलमधून सरकतो त्यावर खड्डा असला तर चालत नाही. मागच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरमध्ये (लायनर ड्रमवर दाबणाऱ्या भागात) हे उलटं असतं. तिथं रबरी कप पिस्टनसोबत सरकतो आणि सिलिंडरच्या भिंतीवर घासतो. त्यामुळं तिथं भिंतीवर बारीकसा खड्डा असला तरी ऑइल गळणारच. माझं मत स्पष्ट आहे: कॅलिपर वाचवा, व्हील सिलिंडर आतून डागाळलेलं असेल तर पूर्ण नवीन घ्या. ते महाग नसतं आणि त्यात घासाघीस करण्यात अर्थ नाही.

कबाड्याकडून भाग घेताना

आपलाच भाग दुरुस्त करणं सगळ्यात चांगलं. पण तो तडकलेला असेल किंवा ब्लीडरचा निपल (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) आतच तुटलेला असेल, तर मोडीत निघालेल्या गाडीचा कॅलिपर घ्यावा लागतो. जाताना आपला जुना भाग सोबत न्या. नुसतं मॉडेलचं नाव सांगून घेऊ नका, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक पिस्टनचा व्यास बदललेला असतो.

डावा आणि उजवा कॅलिपर ओळखायला शिका. गाडीवर बसवल्यावर ब्लीडर निपल वरच्या बाजूला आला पाहिजे. काही कॅलिपर चुकीच्या बाजूलाही बसून जातात. मग निपल खाली राहतो, हवा वर अडकते, आणि कितीही वेळा हवा काढली तरी पेडल मऊच लागतं. निपल पान्यानं फिरतो का ते दुकानातच पाहा. पिनांसकट ब्रॅकेट (कॅलिपर धरणारी चौकट) मागा. रबर फाटलेलं असेल तर काळजी करू नका, ते बदलायचंच आहे. पण त्या फाटक्या रबरातून पिस्टनवर तांबूस खवले दिसत असतील तर नवीन पिस्टनचा खर्च हिशोबात धरा. पिस्टनसकट मिळणारं मोठं किट बऱ्याच गाड्यांना येतं. मोडीतले जुने पॅड, लायनर आणि होज पाइप (ब्रेक ऑइल नेणारी रबरी नळी) मात्र फुकट मिळाले तरी आणू नका.

जागा आणि सामान

काळ्या मातीच्या अंगणात जॅक लावला की तो बसतो, कधी कधी काम चालू असतानाच. सिमेंटचा ओटा किंवा पक्की फरशी असेल तर तिथं काम करा. नसेल तर जॅकखाली आणि घोडीखाली (उचललेली गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडखाली) जाड सागवानी फळी टाका. गाडी फक्त जॅकवर ठेवून चाक काढू नका. विटांच्या किंवा दगडांच्या चळतीवरही ठेवू नका, वीट दाबाखाली अचानक फुटते. घोडी विकत आणा किंवा गॅरेजवरून मागून आणा. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. मागचं काम करताना हँडब्रेक सोडावा लागतो, तेव्हा गाडी या ठोकळ्यांवरच उभी असते.

सामान फार लागत नाही. रिंग पाने आणि सॉकेट, वायर ब्रश, जुना टूथब्रश, ब्रेक क्लिनरचा डबा, ४०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर, सील किट, कंपनीचं सीलबंद ब्रेक ऑइल, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस, बॅन्जो बोल्टसाठी (होज पाइप कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टसाठी) नवे तांब्याचे वॉशर, पारदर्शक नळी, आणि जाडी मोजायला व्हर्नियर. घरात व्हर्नियर नसेल तर जवळच्या लेथवाल्याकडं जाऊन डिस्क मोजून घ्या, पाच मिनिटांचं काम असतं.

नवतपात पत्र्याखाली हे काम करू नका. घामाचा थेंब सिलिंडरमध्ये पडतो, आणि माणूस कंटाळून शेवटचे बोल्ट घाईत आवळतो. मृग लागायच्या आधीची सकाळ बरी, नाहीतर दिवाळीनंतरचे दिवस.

धूळ

ब्रेकची काळी धूळ फुंकून किंवा कंप्रेसरच्या हवेनं उडवू नका. गावात पंक्चरच्या दुकानावर हे सर्रास चालतं आणि ते पाहून मला वाईट वाटतं. आपल्याकडे ॲस्बेस्टॉसच्या वापरावर सरसकट बंदी नाही. जुन्या किंवा स्वस्त लायनरमध्ये ते असू शकतं, आणि त्याचे तंतू फुफ्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. डोळ्यांनी पाहून ते आहे की नाही ते कळत नाही, म्हणून सगळी धूळ विषारीच समजायची. साबणाच्या पाण्याचा फवारा मारून भाग आधी पूर्ण भिजवा, ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यानंतर मास्क आणि हातमोजे कशासाठी हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको. इथंही तोच हिशोब आहे. पोरांना त्या वेळी अंगणात येऊ देऊ नका.

कॅलिपर खोलणे

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू जशीच्या तशी राहू द्या, अडलं की तिच्याकडं पाहता येतं. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः पत्तीच्या क्लिपा कोणत्या दिशेला आहेत त्याचा.

चाक काढल्यावर कॅलिपरचे मागचे दोन बोल्ट सोडा. कॅलिपर मोकळा झाला की त्याला होज पाइपवर लटकत ठेवू नका, आतून पाइप फाटतो. तारेनं सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवा. पॅड काढा.

पिस्टन बाहेर काढायचा सोपा मार्ग म्हणजे गाडीचंच पेडल. होज जोडलेला असतानाच कॅलिपरच्या तोंडात लाकडी पट्टी ठेवा आणि दुसऱ्या माणसाला पेडल हळूहळू दाबायला सांगा. पिस्टन जवळजवळ बाहेर आला की थांबा. खाली घमेलं ठेवा, ऑइल सांडतं. मगच बॅन्जो बोल्ट सोडा आणि पाइपचं तोंड स्वच्छ प्लॅस्टिकनं बांधून टाका.

कॅलिपर मोडीतून आणलेला असेल तर सायकलच्या पंपाची हवा ऑइलच्या भोकातून द्या. कंप्रेसर वापरायचाच झाला तर दाब अगदी कमी ठेवा. पिस्टन आणि समोरच्या भिंतीमध्ये लाकडाचा ठोकळा हवाच, आणि बोटं कधीही मध्ये नकोत. अडकलेला पिस्टन सुटतो तेव्हा गोळीच्या वेगानं सुटतो आणि बोट चेचतो.

ब्लीडर निपल सुटत नसेल तर जोर लावू नका. भेदक तेल टाकून रात्रभर ठेवा, सकाळी हातोडीनं हलके टोले मारा, सहा कोनी सॉकेट लावून थोडा पुढं-थोडा मागं करत फिरवा. बारा कोनी रिंग पाना त्याचे कोपरे गोल करून टाकतो. तुटलेल्या निपलवर घरी उपाय करायचा नाही, तो लेथवाल्याकडं न्यायचा.

आतलं सील काढायला स्क्रू-ड्रायव्हर नको. खाचेच्या कडेला ओरखडा पडला की नवीन सीलही गळतं. लाकडी किंवा प्लॅस्टिकची टोकदार काडी वापरा.

जंग काढणे

आधी साबणाचं पाणी आणि ब्रश. मातीचा थर निघाला की अर्धं काम होतं. रबरी भाग लागणार असतील तिथं पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांनी धुवू नका. ब्रेकचं रबर खनिज तेलानं फुगतं, आणि खाचेत राहिलेला थोडासा अंशही नव्या सीलला पुरतो. ब्रेक क्लिनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. क्लिनर मारलेल्या भागावर वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत कधीही नको. काही क्लिनरमध्ये क्लोरीन असलेलं रसायन असतं आणि ते तापलं की फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो.

भाग लोखंडाचा आहे की ॲल्युमिनियमचा हे चुंबक लावून पाहा. पुढच्या दोन्ही पद्धती फक्त लोखंडासाठी आहेत.

पहिली पद्धत सायट्रिक ॲसिडची. किराणा दुकानात लिंबूसत म्हणून मिळतं तेच. एका लिटर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम टाकून ब्रॅकेट किंवा रिकामा कॅलिपर त्यात बुडवा. काही तासांत जंग मऊ पडते, मध्येच ब्रशनं घासा. दिवसेंदिवस बुडवून ठेवू नका, नंतर ते चांगलं लोखंडही खायला लागतं. बाहेर काढून सोड्याच्या पाण्यानं धुवा, लगेच कोरडं करा, उन्हात ठेवा. आपल्या वैशाखातल्या उन्हाचा इथं खरंच उपयोग होतो, भाग तासाभरात खडखडीत वाळतो. भागावर पिवळसर किंवा पांढुरका मुलामा अजून शाबूत असेल तर ॲसिडमध्ये टाकूच नका, मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात जंग आणखी लवकर चढते.

जंग फारच जाड असेल तर दुसरी पद्धत, विजेची. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घ्या, लिटरमागं साधारण १० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवा. जंगलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि एक फालतू साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडा. दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नका. धन टोकाला स्टेनलेस स्टीलचा चमचा किंवा ताट लावू नका, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठही नको, क्लोरीन निघतो. या वेळी हायड्रोजन वायू निघत असतो, म्हणून हे उघड्यावर करायचं, जवळ बिडी-काडी नको, आणि बादलीत हात घालण्याआधी चार्जर बंद. ही पद्धत चांगलं लोखंड खात नाही, म्हणून मला ती ब्रॅकेटसाठी जास्त आवडते.

स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्ट या दोन्ही पद्धतींत घालू नका. हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं, मग स्प्रिंग कधीतरी आपोआप तुटते. स्प्रिंग ब्रशनं साफ करा, नाहीतर नवीन घ्या. संडास धुण्याचं ॲसिड तर कशालाच वापरू नका.

आता खरी तपासणी

पिस्टन पुसून उजेडात फिरवत पाहा. क्रोमच्या पृष्ठभागावर नख आडवं फिरवा. नख अडलं की पिस्टन बाद. नुसता डाग असेल तर १००० नंबरच्या ओल्या वॉटर पेपरनं गोल दिशेनं हलक्या हातानं पुसला तर चालतो. अनेकांचा असा अनुभव असतो की पॅड नवीन टाकले आणि महिन्याभरात कॅलिपर गळायला लागला. त्याचं कारण इथंच आहे. पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येतो. डस्ट बूट (पिस्टनवरचं धूळ अडवणारं रबर) फाटलेलं असेल तर बाहेर आलेल्या भागावर जंग चढते. नवे जाड पॅड टाकताना पिस्टन आत ढकलला की नेमका तोच खरखरीत भाग सीलवर येऊन बसतो आणि त्याला कापत राहतो. त्यामुळं फाटलेलं डस्ट बूट दिसलं की गाडी चालतेय म्हणून सोडून देऊ नका.

सीलची खाच टूथब्रशनं आणि लाकडी काडीनं साफ करा. तिच्या तळाशी जंगेचा किंवा पांढऱ्या भुकटीचा थर राहिला तर सील पिस्टनकडं ढकललं जाऊन त्याला घट्ट धरतं. हेच सील थोडं मुरडून ब्रेक सोडल्यावर पिस्टनला किंचित मागं ओढत असतं. ते नीट बसलं नाही की पॅड डिस्कला घासत राहतात, चाक तापतं आणि गाडी पेट्रोल जास्त पिते.

डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. घासल्या जाणाऱ्या भागात चार-सहा ठिकाणी जाडी मोजा. कडेचा उंच ओठ धरून मोजू नका, फसाल. सगळ्यात कमी आकडा किमान जाडीच्या जवळ आला असेल तर लेथवर घासून घेण्यात अर्थ नाही, डिस्क बदला. कडेपर्यंत गेलेली भेग दिसली तरी बाद. रात्रीतून वर चढलेली तांबूस जंग मात्र निरुपद्रवी असते, दोन-चार ब्रेकमध्ये जाते. डिस्क जिथं हबवर (चाक बसतं त्या मधल्या भागावर) बसते तो तोंडाचा भाग वायर ब्रशनं लख्ख करा. तिथं खवला राहिला तर डिस्क वेडीवाकडी फिरते आणि पेडल पायाखाली थरथरतं. नवीन डिस्क टाकूनही थरथर गेली नाही की लोक डिस्कलाच दोष देतात.

ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा असतो, तोही तपासा. शिवाय ड्रम दोरीनं टांगून हातोडीच्या दांड्यानं वाजवा. उन्हाळ्यात बाजारात माठ घेताना आपण बोटानं वाजवून पाहतो, तसंच हे आहे: खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठंतरी तडा आहे.

कॅलिपरला रंग द्यायचा असेल तर उष्णता सहन करणारा द्या, आणि फक्त बाहेरून. सिलिंडर, पॅड सरकतात त्या जागा, बोल्टची तोंडं आणि हबला टेकणारा भाग कागदी टेपनं झाका. रंग नाही दिला तरी काही बिघडत नाही.

जोडणी

हात धुवा, स्वच्छ सुती कापड अंथरा. तंतू सुटणारं जुनं टॉवेल नको. नवीन सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बोटांनी खाचेत बसवा, पीळ पडलेला नाही हे पूर्ण गोल बोट फिरवून पाहा. पिस्टनलाही ऑइल लावा आणि दोन्ही अंगठ्यांनी सरळ आत दाबा. तिरका अडकला तर ठोकू नका, बाहेर काढून परत सुरू करा. नीट बसवलेला पिस्टन हाताच्या जोरानं जातो. मागच्या चाकांनाही डिस्क असलेल्या काही गाड्यांत पिस्टन नुसता दाबून जात नाही, फिरवत आत न्यावा लागतो.

स्लाइड पिना पूर्ण साफ करा, त्यांची भोकंही आतून. वरची आणि खालची पिन वेगळी असू शकते, अदलाबदल नको. ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस पातळ थरात लावा. बेअरिंगचं पिवळं किंवा काळं ग्रीस इथं चालत नाही, रबर फुगतं आणि पिना पुन्हा जाम होतात. गावातल्या जाम झालेल्या पिनांपैकी बऱ्याच पिना मातीनं नाही, या ग्रीसनं जाम झालेल्या असतात. ग्रीस कोंबूही नका, हवा दाबून पिन पूर्ण आत जात नाही. पिन बोटानं ढकलली तर सहज सरकली पाहिजे.

पॅडवर ऑइल किंवा ग्रीसचा डाग लागला असेल तर तो पॅड गेला. पेट्रोलनं धुवून किंवा चुलीवर भाजून तो बरा होत नाही. लायनरचंही तेच. पॅडची घासणारी जाडी ३ मिलिमीटरच्या आत आली असेल तर नवीन घ्या, आणि नेहमी दोन्ही चाकांचे एकदम. बॅन्जो बोल्टला दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर. बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणं टॉर्क पान्यानं आवळा.

मागचे ड्रम

हँडब्रेक सोडूनही ड्रम निघत नसेल तर कडेला हातोडा मारत बसू नका. बऱ्याच ड्रमवर आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यात ८ मिलिमीटरचे बोल्ट आळीपाळीनं आवळले की ड्रम स्वतः बाहेर येतो. काही जुन्या छोट्या गाड्यांत ड्रम बेअरिंगसकट मधल्या नटावर असतो, तिथं माहितगार माणूस हवाच.

स्प्रिंगा काढताना चष्मा घाला. मागच्या पत्र्यावर लायनर टेकतात ती उंच ठिकाणं साफ करून तिथं उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा अगदी पुसटसा थर द्या. व्हील सिलिंडरचं रबर थोडं उचलून पाहा, आत ओल दिसली तर ते गळतंय. ॲडजस्टरचे (लायनर आणि ड्रममधलं अंतर राखणाऱ्या भागाचे) आटे मोकळे करा. हँडब्रेकची केबल चिखलानं आत गंजलेली असेल तर तेल टाकून काही दिवसच चालते, बदलून टाका.

ऑइल आणि हवा

डॉट ३ आणि डॉट ४ ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. कोरडं असताना डॉट ३ किमान २०५ आणि डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० आणि १५५ पर्यंत खाली येते. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. पण चिखलदरा जवळजवळ १,१०० मीटर उंचीवर आहे. तिथून परतवाड्याकडं भरलेली गाडी ब्रेकवर उतरवताना जुनं ऑइल उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणून डब्यात उरलेलं गेल्या वर्षीचं ऑइल टाकू नका, नवा डबा फोडा. टाकीच्या झाकणावर जो ग्रेड लिहिलाय तोच घ्या. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळत नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग उचलतो.

हवा काढायला दोघं लागतात. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. आपल्या गाड्यांत ते सहसा मागचं डावं असतं, पण मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तो पाळा. निपलवर नळी लावून तिचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. वरचा माणूस पेडल दाबून धरतो आणि "धरलं" म्हणतो. खालचा निपल उघडतो, बुडबुडे जाऊ देतो, बंद करतो, "सोड" म्हणतो. बंद होण्याआधी पेडल सोडलं तर हवा परत आत जाते. टाकीतलं ऑइल मध्ये मध्ये भरत राहा, ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या टोकाला जंग असते, तिथपर्यंत रबर गेलं तर ते फाटतं.

रस्त्यावर नेण्याआधी

इंजिन बंद ठेवून पेडल जोरात दाबून धरा आणि अर्धा मिनिट मोजा. ते हळूहळू खाली जात असेल तर कुठंतरी गळती आहे, गाडी हलवू नका. पेडल घट्ट राहिलं तर इंजिन सुरू करा, ते थोडंसं खाली गेलं की बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा भाग) ठीक आहे. प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवून ओल तपासा. चाकाचे नट गाडी जमिनीवर आल्यावर पुन्हा आवळा.

पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, चालण्याच्या वेगानं, हँडब्रेकवर हात ठेवून, एकट्यानं. पोरंबाळं गाडीत नकोत. गाडी सरळ थांबते हे नक्की झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १०-१५ पर्यंत मध्यम ब्रेक मारत सात-आठ वेळा वेग कमी करा, मध्ये ब्रेक थंड होऊ द्या. नवे पॅड असे बसतात. परत आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, टेकवू नका. एका बाजूची आच दुसरीपेक्षा खूप जास्त असेल तर पिस्टन किंवा पिन अजून अडकतेय, ते चाक पुन्हा खोला. यानंतर एकदा अनुभवी मिस्त्रीला गाडी दाखवा. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या गाडीचं नोंदणी नूतनीकरण जवळ आलं असेल तर आरटीओत फिटनेसला जाण्याआधी हे नक्की करा.

दुसऱ्या दिवशी टाकीतली पातळी आणि चाकांच्या आतल्या बाजू पुन्हा पाहा. जुनं ऑइल नाल्यात, विहिरीजवळ किंवा वावराच्या धुऱ्यावर ओतू नका. ते कॅनमध्ये बंद करून, वर ठळक अक्षरांत लिहून, वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजवर द्या. हवा काढताना वापरलेली बाटली पाण्याची असली तर त्याच दिवशी चिरून टाका. ब्रेक ऑइल दिसायला सरबतापेक्षा फार वेगळं नसतं आणि ते पोटात गेलं तर विष आहे.